विसावं काडतूस

शेळगावात बिरूतात्यांना 'दारूवाले' म्हणतात. खोकल्याच्या औषधाला वास येतो म्हणून अख्खी बाटली उकिरड्यावर ओतणारा हा माणूस, आणि नाव पडावं ते हे! पण चूक त्यांचीच. फौजेत ते दारूगोळ्याच्या डेपोत होते. पहिल्या सुट्टीला गावी आले तेव्हा पारावर कुणीतरी विचारलं, "काय काम आसतं रं तुला तिकडं?" आणि बिरूनं छाती काढून सांगितलं, "दारू सांभाळायचं." एवढं गावाला पुरलं. पुढं त्यांच्या सूरजची सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्यांनी फाट्यावर घर विचारलं, तर पानपट्टीवाला म्हणाला, "दारूवाल्या तात्यांचं का? सरळ जावा, लिंबापाशी." पाहुण्यांनी गाडी तिथूनच वळवली. भामाबाईंनी भावाला मध्ये घालून, फौजेतली दारू वेगळी आणि गुत्त्यातली वेगळी, हे पटवून दिलं तेव्हा कुठं ते लग्न जमलं.

फौज सुटल्यावर तात्या बारामतीत एका बँकेच्या दाराशी एकवीस वर्षं उभे राहिले. त्या नोकरीसाठी परवाना काढला, तीनशे पंधरा बोअरची रायफल घेतली. एकवीस वर्षांत ती एकदाही झाडायची वेळ आली नाही, आणि तात्यांच्या मते नोकरीत यापेक्षा जास्त काही कमवायचं नसतं. आता वय सहासष्ट. नोकरी सुटली, पण परवाना आहे, रायफल आहे आणि वीस काडतुसं आहेत. रायफलीचं त्यांना फारसं कौतुक नाही. लाकूड-लोखंडाची वस्तू, तिला काय होतंय, असं म्हणतात. जीव सगळा त्या वीस काडतुसांत.

जीव म्हणजे किती? घरातल्या माणसांना सर्दी होते, काडतुसांना कधी झाली नाही. कालव्याच्या पाण्यानं आणि उसानं सगळा मुलूख दमट करून टाकला, ही तात्यांची कायमची तक्रार. म्हणून काडतुसं रबरी पट्टीच्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डब्याला कुलूप. डबा लोखंडी ट्रंकेत, ट्रंकेला दुसरं कुलूप. ट्रंक उत्तरेच्या खोलीत, कारण तिथं वर स्लॅब आहे, पत्रा नाही. तीही जमिनीवर नाही, विटांवर. भिंतीला चिकटून नाही, वीतभर सोडून. रायफल दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कपाटात. डब्यात निळ्या खड्यांच्या पुड्या, बुटांच्या खोक्यात येतात तशा. दमट हवा पिऊन खडे गुलाबी पडले की तात्या ते तव्यावर भाजून पुन्हा निळे करतात. पहिल्यांदा भाकरीच्याच तव्यावर भाजले, तेव्हा भामाबाईंनी तो तवा त्यांच्या पुढ्यात आपटला आणि म्हणाल्या, "घ्या, ह्यो आता तुमचाच." तेव्हापासून त्या घरात दारूचा तवा वेगळा आहे.

सूरजनं एकदा त्या खोलीत युरियाची चार पोती रचली. तात्यांनी ती एकट्यानं बाहेर ओढून काढली.

"पितळंला युरियाचा वास चालत न्हाय. मेंढराच्या मुताचाबी न्हाय. तडकतं."

"तात्या, आपलं निम्मं आयुष्य मेंढराच्या वाड्यात गेलं," सूरज म्हणाला. "आपण कुठं तडकलो?"

"तू पितळंचा न्हाईस."

आणि सगळ्यात मोठा नेम तेलाचा. तेल बंदुकीला, काडतुसाला फक्त कोरडं फडकं. काडतुसाच्या बुडाला जी टोपी असते, तिच्यात तेल मुरलं की काडतूस मरतं. बरं, मेलं तरी बाहेरून जिवंत दिसतं, आणि तात्यांना असल्या वस्तूची फार भीती.

दर महिन्याच्या एक तारखेला, आंघोळ करून, तात्या डबा उघडत आणि काडतुसं मोजत. मोठ्यानं. सुरुवात 'एक'पासून नाही, खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला जसं 'लाभ' म्हणतात तसं, "लाभ, दोन, तीन..." हे मोजणं त्यांना आईनं शिकवलेलं, वाड्यातली कोकरं मोजताना. ती आई, चंद्राबाई, शहाऐंशी वर्षांची, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ गेलेली, मधल्या घरात देव्हाऱ्यापाशी घोंगडीवर बसलेली असायची. आतून "ईस" ऐकू आलं की ती बाहेरून विचारायची, "भरलं?" आणि तात्या म्हणायचे, "भरलं, आय." मग डबा बंद. असं कैक वर्षं चाललेलं.

त्यात खंड पडला तो मोतीबिंदूनं. कार्तिकात तात्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन बारामतीला ठरलं. ट्रंकेची किल्ली त्यांच्या करदोट्याला असायची आणि डब्याची भामाबाईंकडे. एका माणसाच्या हातात दोन्ही किल्ल्या नकोत, हा डेपोतला नेम त्यांनी घरात चालवला होता. पण दवाखान्यात अंगावरचं सगळं काढून ठेवा म्हणाले. तेव्हा निघताना त्यांनी आपली किल्लीही भामाबाईंच्या हातावर ठेवली आणि सांगितलं, "घरातल्या सगळ्यात जपणुकीच्या जाग्याला ठिव." भामाबाईंनी मान हलवली. तीन दिवसांनी परत आल्यावर किल्ली परत दिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. एक तारीख आली आणि गेली, मोजणी झाली नाही.

त्या दिवसापासून तात्यांचा पाय घरात ठरेना. बसले की उठायचे, उठले की उत्तरेच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे, दार ढकलून ट्रंक जागेवर आहे का बघायचे आणि परत यायचे. "पोटात दुखतंय का?" भामाबाईंनी विचारलं. पोटात दुखत नव्हतं. काय दुखतंय ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

अशात सोमवारी सकाळी ठाण्यातून फोन आला. पंचायत समितीची निवडणूक लागली, आचारसंहिता सुरू झाली. तात्या, रायफल आणि काडतुसं गुरुवारपर्यंत जमा करा. दर निवडणुकीला हे असतं. तात्यांना उलट बरं वाटलं, मोजायला कारण मिळालं. ट्रंक उघडली, भामाबाईंकडून दुसरी किल्ली घेतली, डबा उघडला. खडे गुलाबी पडलेले. हे कसं, म्हणत त्यांनी स्वच्छ फडकं पसरलं आणि एकेक काडतूस मांडत मोजायला लागले.

"लाभ, दोन, तीन..." आणि एकोणीसनंतर हात रिकाम्या डब्याच्या तळाला लागला.

पुन्हा मोजलं. मग शेवटाकडून मोजलं. मग पाच-पाचाचे ढीग केले, आणि चौथ्या ढिगात चारच राहिले.

आज बाहेरून "भरलं?" असा आवाज आला नाही.  एरवी हे त्यांच्या ध्यानात आलं असतं, पण त्या वेळी त्यांचे कान असून नसल्यासारखे झाले होते.

दोन दिवस तात्यांनी घर उलटंपालटं केलं. गाद्या झटकल्या, धान्याची पिंपं रिकामी केली, चुलीतली राख चाळली. एक काडतूस हरवणं म्हणजे काय, हे घरात फक्त त्यांनाच कळत होतं. ठाण्यात एकोणीस नेली तर विसावं कुठं, कुणाला दिलं, हे विचारणारच. परवाना जाईल, गुन्हा दाखल होईल, गावात तोंड दाखवता येणार नाही. ते एक वेळ सोसता आलं असतं. पण जिवंत काडतूस घरात कुठंतरी मोकळं पडलंय, उद्या कुणी पाचटाबरोबर पेटवलं, पोरीनं दगडावर ठेवून ठोकलं, तर? सूरजची सृष्टी दहा वर्षांची. तात्यांनी तिचं दप्तर उपसलं, कंपासपेटी उघडून बघितली. पोरीचे डोळे भरून आले.

"तात्या, मी तुमच्या डब्याला हातबी लावत न्हाय."

"मला ठावं हाय," ते म्हणाले आणि तरीही दप्तराचा खालचा कप्पा चाचपून बघितला. मग स्वतःचीच लाज वाटून अंगणात जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी सूरज बारामतीहून, कंपनीतून आला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ऑपरेशनच्या आदी तुमीच काडून कुठं ठिवलं आसंल. आठवा जरा."

"मी? डब्यातलं काडतूस मी बाहीर ठिवीन?"

"परवा चष्मा कपाळाव आसताना घरभर हुडकत व्हता तुमी." त्याचा आवाज मऊ होता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "वय झालं, तात्या. ती रायफल एकदाची सरकारला देऊन मोकळं व्हा."

 खरं तर तेच तात्यांना आतून कुरतडत होतं. उंदरानं भिंतीत बीळ करावं तसं एक छिद्र आपल्या डोक्यात पडलंय, आणि त्यातून काल एक काडतूस पडलं. उद्या काय पडेल? ज्या माणसाला आपला हात कुठं गेला होता हे सांगता येत नाही, त्यानं दारूजवळ थांबायचं नसतं. डेपोत त्यांनी स्वतः दोघातिघांना याच कारणासाठी कामावरून काढायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लिंबाखाली बसले आणि नको तेच आठवत राहिलं. महिपती. त्यांचा धाकटा भाऊ, चार वर्षांनी लहान. त्याला फौजेत त्यांनीच ओढलं, आपल्याच डेपोत खटपट करून घेतलं. तिथं एक पत्र्याचं शेड होतं. जुना, बाद झालेला माल त्यात पडून होता, आणि मे महिन्यात पत्रा असा तापायचा की हात लावता येत नसे. बिरूनं दोनदा पेट्यांना नाक लावून बघितलं होतं. दारूचा वास बदलला होता, आंबूस तिखट झाला होता. त्यांनी वरच्याला सांगितलं. तोंडानं सांगितलं, लिहून दिलं नाही. मग त्यांची बदली झाली, आणि सात आठवड्यांनी ते शेड उडालं. आत महिपती होता. चोवीस वर्षांचा.

त्याची पेटी भिगवणला रेल्वेनं आली, तिथून ट्रॅक्टरनं गावात. महिपतीची बायको वर्षभरात माहेरी गेली ती तिकडेच राहिली. आणि आईनं तेव्हा बिरूजवळ एकच गोष्ट मागितली होती: देव्हाऱ्यात महिपतीचा टाक. लढाईत पडलेल्या पुरुषाची मूर्ती चांदीच्या पत्र्यावर उठवून देवांच्या रांगेत बसवतात, त्याला वीर म्हणतात. पिढ्यान् पिढ्या त्याला हळद-कुंकू मिळतं. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, गोदामात मेलेला वीर कसा? आणि बिरूनंही आईला सांगितलं, "आय, त्यो लढाईत न्हाय गेला. त्यो अपघात हाय." त्यांना म्हणायचं होतं वेगळंच. महिपतीला वीर म्हटलं तर ते मरण असायला हवं होतं असं होईल, आणि ते मरण नको व्हायला होतं. ते एका कागदानं टळलं असतं. पण हे आईला सांगायची छाती नव्हती. आईनं पुन्हा कधी विचारलं नाही. अडतीस वर्षं झाली त्याला.

गुरुवार उजाडला. रायफल पुसून कापडात गुंडाळली, एकोणीस काडतुसांचा डबा पिशवीत ठेवला. खरं काय ते सांगायचं, होईल ते होईल, असं ठरवून तात्या निघाले आणि निघताना नेहमीसारखे, पण ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, देव्हाऱ्यापुढं उभे राहिले. चंद्राबाईनं नुकतीच पूजा केली होती. हातानं चाचपत करते, चूक होत नाही. निरांजन तेवत होतं. नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं, हळदीचा पिवळा, शेंदराचा केशरी. हात जोडले आणि अंगवळणी पडल्याप्रमाणे तोंडातल्या तोंडात मोजणी सुरू झाली, या माणसाला देवसुद्धा मोजल्याशिवाय सोडवत नाहीत. लाभ, बिरोबा. दोन, खंडोबा. तीन, जानाई. चार, पाच, सहा, सात.

आठ.

त्या घरात देव सातच होते. आठवा उभा होता, बोटाएवढा, शेंदरानं लडबडलेला, तेलानं निथळणारा, डोक्यावर झेंडूची पाकळी. निरांजनाची ज्योत त्याच्यापासून दोन बोटांवर होती.

तात्यांनी ज्योत चिमटीत धरून विझवली. पेटता दिवा असा हातानं मारायचा नसतो हे त्यांना कळत होतं, बोटं पोळली तेही कळलं, पण त्याआधी हात पोचला होता. बंदुकीच्या नळीत नसलेलं काडतूस गोळीसारखं जात नाही, पण तापून फुटलं तर पितळेच्या चिंध्या उडतात, आणि त्या दिव्यापुढं रोज सकाळी तोंड अगदी जवळ नेऊन बसत होती त्यांची आई. महिनाभर!

"बिरू, दिवा तू शांत केलास?" घोंगडीवरून म्हातारीनं विचारलं. वातीचा वास तिला आला होता.

"आय, हे हितं कुणी ठिवलं?"

"मी. देवाचं हाय ते, हात लावू नगंस."

"देवाचं न्हाय, काडतूस हाय ते! जितं! दिव्यापाशी! वाजलं आसतं म्हंजी? डोळं गेलं आसतं तुझं!"

"डोळं कुठं हायती आता जायाला?"

भामाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. एक नजर देव्हाऱ्याकडे टाकली आणि कपाळावर हात मारला. "आवं, तुमीच म्हनला, सगळ्यात जपणुकीच्या जाग्याला ठिव. मी दोनी किल्ल्या देवाखाली ठिवल्या व्हत्या. देवाहून जपणुकीची जागा कुठली?"

तात्यांना हसावं की रडावं कळेना. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं, सगळा डेपो त्यांनी घरात बांधला होता, आणि त्याच्या किल्ल्या बिरोबाच्या पायाशी ठेवून घरची माणसं निवांत दवाखान्यात गेली होती. घरात जागी होती ती एकटी म्हातारी, आणि तिला कानानं पाठ होतं कुठलं कुलूप कसं वाजतं.

"पण का, आय? ह्ये का घेतलंस?"

 चंद्राबाई अगदी साधेपणानं म्हणाली, "महिपती हाय त्यो."

तिनं देव्हाऱ्याकडं तोंड वळवलं.

"टाक मागितला व्हता तुज्यापाशी. तू म्हनलास, लढाईत न्हाय गेला. मला काय कळतंय, बाबा, लढाई कुठनं सुरू हुती आन कुठं सपती? पोरगं फौजेच्या कापडात गेलं, फौजेच्या कापडात घरी आलं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तू म्हैन्याला त्यास्नी भाईर काढतुस. पुसतुस. ऊन लागू देत न्हाईस, वल लागू देत न्हाईस. लाभ म्हनून मोजतुस. यवडं कोन कुणाचं करतंय? मला वाटलं, त्यातच कुठं तरी त्यो आसंल. म्हनून एक घेतला."

डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून सांगितलं होतं. आतून येणाऱ्या पाण्याचं ते काही बोलले नव्हते. तात्या आईच्या घोंगडीच्या कडेला बसले आणि सहासष्ट वर्षांच्या माणसानं रडू नये तसे, आवाज काढून रडले. भामाबाईंनी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. त्या दारातून हळूच मागं सरकल्या.

मग त्यांनी आईला सगळं सांगितलं. पत्र्याचं शेड, आंबूस वास, तोंडानं सांगितलेलं, न लिहिलेला कागद. अडतीस वर्षांत हे त्यांनी कुणाला, बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. "आय, मी लिवून दिलं आसतं तर त्यो आसता."

म्हातारीनं ऐकून घेतलं. तिचा हात चाचपत त्यांच्या डोक्यावर आला, तिथं थोडा वेळ राहिला आणि परत गेला. ती काय म्हणेल म्हणून तात्या वाट बघत होते, पण ती काही म्हणाली नाही. माफ केलं असंही नाही, आणि नाही केलं असंही नाही.

"न्यायाला लागंल ते," शेवटी तात्या म्हणाले. "ठाण्यात ईस द्यायची हायत."

"ने," ती म्हणाली. "तुझं ईस भरतील. माझं सातच ऱ्हायलं."

ठाण्यात अविराज नावाचा तरणा हवालदार टेबलाशी होता. त्यानं रायफलीचा नंबर ताडून बघितला, मग डबा ओतून मोजलं. तो एकपासून मोजत होता. विसाव्याला थांबला. तात्यांनी ते कोरड्या फडक्यानं घासघासून पुसलं होतं, पण बुडाच्या टोपीच्या खाचेत शेंदूर तसाच राहिला होता.

"तात्या, ह्याला शेंदूर?"

"देव्हाऱ्यात हुतं. तेलबी लागलंय, दिव्याजवळबी हुतं. ह्ये आता बाकीच्यात मिसळू नगा."

"बरं, ठेवतो बाजूला."

"न्हाय," तात्या म्हणाले. "तोंडानं सांगून उपयोग न्हाय. लिवून घ्या." आणि त्यांनी स्वतःच कागद ओढून घेतला. एक काडतूस तेल व शेंदूर लागून खराब झालेले आहे, उष्णतेजवळ राहिलेले आहे, ते वेगळे ठेवावे, वापरू नये, रीतसर नष्ट करावे. खाली नाव, तारीख, सही. एकेक अक्षर पुन्हा गिरवलं. मग वर बघून विचारलं, "तुमचं कोठार पत्र्याचं हाय का?"

"न्हाय तात्या, स्लॅब हाय."

तिथून शेळगावला न जाता ते बारामतीची एस.टी. धरून गेले. देवांचे टाक करणारा सोनार जुन्या पेठेत बसतो. त्यानं नमुने दाखवले, सगळे घोड्यावरचे, ढाल-तलवार घेतलेले.

"कुठल्या लढाईत पडले?" त्यानं सहज विचारलं.

तात्यांना आईचे शब्द आठवले. लढाई कुठनं सुरू हुती आन कुठं सपती. "फौजेत व्हता," ते म्हणाले. "घोडा आसू द्या. हातात मातुर काय नगं. हात रिकामं ठिवा."

सोनारानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि वहीत तसं लिहून घेतलं.

भावकीला त्यांनी विचारलं नाही, नुसतं कळवलं. ज्यांना कुरकुर करायची होती ते म्हातारे कधीच गेले होते. पुढल्या अमावास्येला, बिरोबाच्या पूजेदिवशी, टाक घरी आला. सृष्टीनं तो ताटातून आणला. कंपासपेटीचा राग तिनं अजून सोडला नव्हता, पण ताट दोन्ही हातांनी नीट धरलं होतं. चंद्राबाईनं टाक दुधानं धुतला, हळद लावली आणि सात देवांच्या रांगेत, बिरोबाच्या शेजारी बसवला. भामाबाईंनी निरांजन लावून पुढं ठेवलं.

तात्या वाकले आणि ते निरांजन हातभर मागं सरकवलं.

"आवं, देवाला दिवा यवडा लांब?" भामाबाई म्हणाल्या.

"आसू द्या. त्याला गरम नगं."

मग ते उठून उत्तरेच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आतली ट्रंक रिकामी होती. विटांवर, भिंतीपासून वीतभर सोडून, तशीच ठेवलेली. घरात म्हातारीची बोटं देवांवरून फिरायला लागली. एरवी ती बिरोबापासून मोजायची. त्या दिवशी तिनं पहिलं बोट नव्या टाकावर ठेवलं.

"लाभ," ती म्हणाली. "दोन. तीन. चार..."

आठवर आवाज थांबला. तात्यांनी दारातून विचारलं, "भरलं, आय?"

"भरलं," ती म्हणाली.